सरपंच आई, ठेकेदार पोरगा : दर बरोबर असला तरी चूक कुठं?

बैलजोडी

खटाव तालुका, जिल्हा सातारा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ओळखलंत तरी पोटात ठेवा.

मी पुण्यात नोकरीला, महिन्यातून एक-दोनदा गावी जातो. मागच्या हंगामात आमच्या आळीत मारुतीच्या देवळापासून जुन्या विहिरीपर्यंत काँक्रीटचा रस्ता झाला. चिखल गेला म्हणून सगळे खूश, मीही. कोपऱ्यावर नियमाप्रमाणं फलक लागला: कामाचं नाव, निधी पंधरावा वित्त आयोग, रक्कम, आणि ठेकेदाराच्या रकान्यात तालुक्याच्या गावच्या एका मजूर सोसायटीचं नाव. पण त्या सोसायटीचा एकही मजूर कुणी पाहिला नाही. खडीचा ट्रॅक्टर, मिक्सर आणि मिक्सरशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत मोबाईल बघत बसलेला माणूस, तिन्ही सरपंचबाईंच्या घरचे. माणूस म्हणजे त्यांचा थोरला.

ग्रामसभेत मी उभा राहून विचारलं, हे काम कुणाचं? आधी फलक वाच म्हणाले. वाचलाय म्हटलं. मग मागून आवाज आला, "गावातलं पोरगं चार पैसे मिळवतंय तर तुमच्या पोटात का दुखतंय? बाहेरच्याला दिलं असतं तर पैसा बाहेर गेला असता." टाळ्या पडल्या. खरं सांगतो, क्षणभर मलाही पटलं.

पण आता आमची चुलती रोज सकाळी अंगण झाडते तेव्हा सुपलीत बारीक वाळू आणि सिमेंटची भुकटी गोळा होते. "रोज सुपलीभर रस्ता घरात येतोय," म्हणते. रस्ता झाल्यावर त्यावर पाणी मारलेलं कुणाला आठवत नाही. गोणपाट टाकलं होतं दोन दिवस, तेही नंतर कुणीतरी बैलांना पांघरायला नेलं.

आणि मला खटकलं ते पुढं आहे. बिल निघायला ग्रामपंचायतीचा दाखला लागतो, काम समाधानकारक झाल्याचा. त्यावर सही सरपंचांची. म्हणजे पोराचं काम बरं झालंय असा दाखला आईनं दिला. कुठली आई देणार नाही?

प्रश्न दोन. एक, हे कायद्यात बसतं का? दोन, समजा त्याचाच दर सगळ्यात कमी होता, तरी यात चूक आहे का? दुसऱ्याचं उत्तर मला मनातून माहीत आहे, पण ग्रामसभेत बोलता आलं नाही.

कृष्णाकाठ

धागा छान. पण सांगली-साताऱ्यात यात बातमी काय आहे? बातमी तेव्हा होईल जेव्हा ठेकेदार कुणाचाच कुणी नसेल.

काळाकोट

सांगलीत वकिली करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, जरा लांबेल.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम १४(१)(ग). पंचायतीच्या आदेशानं झालेल्या कामात किंवा पंचायतीशी केलेल्या करारात ज्याचा "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, स्वतः किंवा भागीदारामार्फत" हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो सदस्य राहायला अपात्र. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी १९६१ च्या कायद्याचं कलम १६, महापालिकेसाठी १९४९ च्या कायद्याचं कलम १०, नगरपालिकेसाठी १९६५ च्या कायद्याचं कलम १६. शब्द थोड्याफार फरकानं तेच. तुमच्या प्रकरणात अर्ज ग्रामपंचायत कायद्याच्याच कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं करायचा.

आता गोम. कायद्यात "नातेवाईक" हा शब्द नाही, "हितसंबंध" आहे. म्हणजे तो तिचा मुलगा आहे एवढं सिद्ध करून भागत नाही, त्याच्या नफ्यात तिचा वाटा आहे हे दाखवावं लागतं. एकत्र कुटुंब, एकच बँक खातं, मिक्सरच्या कर्जाला तिची जामीनकी, असलं काहीतरी हातात हवं. आणि फलकावर सोसायटीचं नाव का आहे, तेही इथंच कळेल. कंपनीचा किंवा सहकारी संस्थेचा नुसता सभासद असणं म्हणजे करारात हितसंबंध, असं धरत नाहीत. ती वाट कागदावर मोकळी आहे.

गंमत अशी की २०१२ साली गोव्याच्या एका पंचायत सदस्येला सर्वोच्च न्यायालयानं अपात्र ठरवलं, कारण कंत्राट तिच्या नवऱ्याला होतं. तिथं पोर्तुगीज नागरी संहितेमुळं नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळं नवऱ्याच्या नफ्यात तिचा वाटा आपोआप धरला गेला. आपल्याकडं तो कायदा नाही, त्यामुळं तो निकाल जसाच्या तसा उचलून इथं ठेवता येत नाही.

आणि दुसरी गंमत बघा. आपल्याच कायद्यातलं १४(१)(ज-३), म्हणजे सरकारी जागेवर अतिक्रमण. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणावर सदस्य राहत असेल तर तोही अपात्र, "मी केलं नाही, घरच्यांनी केलं" ही सबब चालणार नाही. त्याआधी २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचाच निकाल उलटा होता. म्हणजे घरच्यांनी बळकावलेल्या जागेवर तुम्ही नुसते झोपलात तरी खुर्ची जाते, आणि घरच्यांनी मिळवलेल्या ठेक्यावर रोज जेवलात तर तुमच्या ताटात काय पडलं ते समोरच्यानं सिद्ध करायचं.

कृष्णाकाठ

वकीलसाहेब, शेवटचं वाक्य फ्लेक्सवर लावायला पाहिजे.

खडी_डांबर

मी ठेकेदार. तासगाव भाग. माझ्या मावशीचे यजमान जिल्हा परिषदेचे सदस्य होते. त्यांच्या आधी सात वर्षं मी या धंद्यात आहे. आता सांगा, मावशीच्या नवऱ्यानं निवडणूक लढवली म्हणून मी रोलर विकू का?

इथं सगळे चोर-चोर म्हणून ओरडतायत, दुसरी बाजूही ऐका. लहान काम घ्यायला बाहेरचा येतच नाही. आला तर दर अंदाजपत्रकापेक्षा पंधरा-वीस टक्के खाली भरतो आणि अर्ध्यात सोडून पळतो. गावातला माणूस पळू शकत नाही, त्याला त्याच रस्त्यावरनं दूध घालायला जायचंय. बयाणा आम्ही भरायचा, सुरक्षा अनामत आमची अडकायची, बिलं वर्ष-वर्ष थकायची. राज्यभर ठेकेदारांनी आंदोलनं केली थकबाकीसाठी, ते कुणाला दिसत नाही. नातं असल्याचा फायदा एवढाच की साहेब फोन उचलतो.

माणदेशी_मेंढका

"साहेब फोन उचलतो." दादा, अख्खा धागा तुम्ही एका ओळीत लिहिलात, आणि तुम्हालाच कळलं नाही.

मोजमाप_वही

मी बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. निम्मी नोकरी साताऱ्यात, निम्मी सांगलीत. धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं म्हणून खातं उघडलं.

लोक सगळं लक्ष निविदेवर ठेवतात. कुणाला गेली, किती टक्के खाली, किती जणांनी भरली, सोबतच्या दोन निविदा त्याच सायबर कॅफेतून भरल्या का. ते बघायलाच पाहिजे. पण निविदा हा एका दिवसाचा कार्यक्रम. लिफाफे उघडले, संपलं. नातं कामी येतं त्यानंतर.

रस्ता कसा होतो बघा. खोदाई झाली की तिच्यावर खडी येते, खडीवर काँक्रीट. प्रत्येक थर आधीच्या थराला झाकतो. म्हणून प्रत्येक थर झाकण्याआधी मोजून मोजमाप पुस्तिकेत, आमच्या भाषेत एमबीत, लिहायचा असतो. मी लिहिणार, उपअभियंता तपासणार, त्यावर बिल. समजा आळीतला रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद. अंदाजपत्रकात काँक्रीटची जाडी १५ सेंटिमीटर. म्हणजे ४५ घनमीटर. जागेवर १० सेंटिमीटर टाकलं तर ३० घनमीटर. तिसरा हिस्सा माल वाचला, आणि वरून बघणाऱ्याला रस्ता तेवढाच लांब, तेवढाच रुंद दिसतो. दर सगळ्यात कमी भरून फायदा कसा होतो, त्याचं उत्तर या पाच सेंटिमीटरांत आहे.

एकदा एका गावात मी पहार मारून बघितलं. नऊ भरले. मी वीस मीटर तुकडा उखडायला सांगितलं. ठेकेदार काही बोलला नाही, हसला. संध्याकाळी पदाधिकाऱ्यांचा फोन. दमदाटी नाही, शिवी नाही, अगदी गोड आवाज. "रावसाहेब, घरचंच काम आहे, जरा बघा."

घरचंच काम. खोटं कुठं होतं त्यात? ठेकेदार त्यांचा सख्खा भाचा.

आता इथं मी ताठ मानेनं काहीतरी लिहावं अशी तुमची अपेक्षा असेल. मुलीची बारावी होती, बदलीचे दिवस होते. मी एमबीत बारा लिहिले. नऊ नाही, पंधराही नाही, बारा. माझ्या मनाची समजूत घालायला तीन सेंटिमीटर शिल्लक ठेवले. उपअभियंत्यांनी तपासून सही केली.

म्हणून खडी_डांबर यांना सांगतो, तुमचा दर खरा असेल, तुमचं कामही खरं असेल. पण ज्या दिवशी ते खोटं असेल त्या दिवशी "नाही" म्हणणारा माणूस तुमच्या मावशीच्या घरातल्या फोनला घाबरतो. चूक तिथं आहे. परक्या ठेकेदाराच्या कामाला मी शंभर वेळा नाही म्हटलंय आणि कुणाचाही फोन आला नाही.

बैलजोडी

साहेब, नमस्कार. ग्रामसभेत मला हेच सांगता आलं नव्हतं.

खडी_डांबर

मोजमाप_वही, तुम्ही बारा लिहिलेत त्याला भाचा जबाबदार का तुम्ही?

मोजमाप_वही

मी. त्यात वादच नाही.

माणदेशी_मेंढका

आमच्याकडं रस्त्याचं कौतुक नाही, आमच्याकडं पाणी. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, ह्या पट्ट्यात दुष्काळ पडला की टँकर. टँकरचं बिल किलोमीटरवर आणि टँकर केवढ्याचा त्यावर. खेप झाली की गावात लॉगबुकावर सही घ्यायची. पुढं जीपीएस आलं.

आता ज्याच्या घरी टँकर तो, आणि ज्याच्या घरी सही तो, दोन्ही एका वाड्यात असले तर खेपा किती झाल्या ते कोण सांगणार? आमच्या वस्तीवर आठवड्यातनं तीनदा टँकर यायचा. लॉगबुकात रोज. आमच्या आजीनं भिंतीवर कोळशानं रेघा मारून ठेवल्या होत्या, टँकर आला की एक रेघ. कुणीतरी साहेब चौकशीला आला तेव्हा तिनं त्याला भिंत दाखवली. तो म्हणाला, आजी, हा कागद नाही. ती म्हणाली, बाबा, तुमचा कागद पाणी नाही.

पुढं काही झालं नाही. भिंत पडली, तेही घर राहिलं नाही.

चारा छावण्यांचंही तसंच. छावणी संस्थेची, संस्था कुणाची? जनावरं मोजणारा कुणाचा? अंधारात म्हशी वाढायच्या म्हणतात.

विश्रामबागकर

सांगली शहरातून. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ ची, त्या आधीपासूनचा गाळ मी बघतोय, शब्दशः. पावसाळ्याआधी नालेसफाई. २००५, २०१९, २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना नाल्याची किंमत सांगायला नको. पण गाळ काढला की नाही याचा पुरावा पहिल्या पावसात वाहून जातो. नालेसफाईचं काम नात्यातल्या माणसाला मिळालं तर त्याला कोण पकडणार? रस्ता निदान चुलतीच्या सुपलीत तरी येतो.

अवांतर: मारुती चौकात पाणी आलं की आम्ही होडी शोधतो आणि ठेकेदार नवीन गाडी.

अनिवासी_कराडकर

सरपंचांच्या मागं लागलात, वरच्यांचं काय? आमदार-खासदारांना नियम आहे का?

काळाकोट

आहे, आणि तो सरपंचाच्या नियमापेक्षा सैल आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ९अ. आमदारानं स्वतःच्या व्यापार-धंद्याच्या ओघात राज्य सरकारशी माल पुरवण्याचा किंवा सरकारनं हाती घेतलेलं काम करण्याचा करार केला आणि तो चालू असेल तर अपात्र. "स्वतः" लक्षात घ्या. अप्रत्यक्ष नाही, भागीदारामार्फत नाही, घरच्यांचा तर उल्लेखच नाही. कलमातला शब्द आहे "योग्य सरकार", खासदारासाठी ते म्हणजे केंद्र, त्यामुळं खासदारानं राज्याचं काम घेतलं तर हे कलम लागत नाही. आणि ठेकेदारानं काम पूर्ण केलं, फक्त सरकारकडून बिल यायचं बाकी आहे, तर करार चालू धरत नाहीत.

१९५१ च्या मूळ तरतुदीत "हिस्सा किंवा हितसंबंध" होता, दुसऱ्याच्या नावावर स्वतःच्या फायद्यासाठी घेतलेला करारही होता. १९५८ ला ते शब्द गेले. खालच्या पायरीवर जाळं बारीक, वरच्या पायरीवर मोठाली भोकं.

मंत्र्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची आचारसंहिता आहे, राज्यांच्या मंत्र्यांनाही लागू. तीत मात्र कुटुंबीयांचा उल्लेख आहे. सरकारला माल किंवा सेवा पुरवणाऱ्या धंद्यात मंत्र्याच्या घरच्यांनी पडू नये, हे मंत्र्यानं बघायचं. पण पुढं कंस आहे: नेहमीच्या व्यापाराच्या ओघात आणि बाजारभावानं असेल तर चालेल. त्या कंसातून डंपर जातो. आणि हा कायदा नाही, फक्त संहिता. पाळली की नाही ते पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री बघणार.

अरुणाचल प्रदेशात मुख्यमंत्र्यांच्या नातेवाइकांच्या कंपन्यांना सरकारी कामं दिल्याच्या आरोपावरून जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं केंद्राकडून उत्तर आणि कॅगचा अहवाल मागवला. त्यावर मी इथं मत देत नाही. सांगायचं एवढंच की असल्या प्रकरणात अपात्रतेचं कलम हाताशी नसतं, म्हणून लोकांना जनहित याचिकेनं जावं लागतं.

अनिवासी_कराडकर

मग अधिकाऱ्यांना काय नियम?

मोजमाप_वही

ते मी सांगतो. केंद्राच्या बांधकाम खात्याच्या निविदेत अटच आहे: ज्या मंडळात तुमचा जवळचा नातेवाईक कनिष्ठ अभियंत्यापासून अधीक्षक अभियंत्यापर्यंत कुठल्याही पदावर किंवा विभागीय लेखापाल आहे, तिथं तुम्हाला निविदा भरता येत नाही. आणि जवळचा म्हणजे कोण? नवरा, बायको, आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं, भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, मावशी, चुलत-मामे भावंडं, आणि या सगळ्यांचे सासरचे.

म्हणजे कनिष्ठ अभियंता म्हणून लागलेल्या पोराचा आतेभाऊ बाद. आणि ज्याच्या फोनवर त्या पोराची बदली होते त्याचा मुलगा चालतो.

बैलजोडी

ही यादी आमच्या गावाला लावली तर गावात एकही ठेकेदार उरायचा नाही. साठ टक्के एका आडनावाचे, उरलेले त्यांचे सोयरे. भावकी सोडली तर फक्त पोस्टमन आणि बँकेचा शिपाई शिल्लक.

खडी_डांबर

तेच तर म्हणतोय मघापासून! तुमच्या नियमानं गाव चालायचं नाही.

काळाकोट

सगळ्यांना बाद करा असं कुणीच म्हणत नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काम कुणी करायचं ही एक, आणि ते तपासायचं कुणी ही दुसरी. भाच्यानं काम करावं, पण मामानं दाखल्यावर सही करू नये, त्या कामापुरतं बाजूला व्हावं, आणि नातं आधीच लिहून द्यावं.

यावरही एक जुना निकाल आहे, १९६९ चा. जम्मू-काश्मीरमध्ये वन सेवेसाठी निवड व्हायची होती. निवड मंडळातलाच एक अधिकारी स्वतः उमेदवार. त्याच्या स्वतःच्या नावाची चर्चा आली की तो बाहेर जायचा, बाकीच्यांच्या वेळी आत बसायचा. सर्वोच्च न्यायालयानं ती निवड रद्द केली. नुसतं उठून बाहेर गेल्यानं भागत नाही, कारण ज्यांच्याशी स्पर्धा आहे त्यांचं भवितव्य तो आत बसून ठरवत होता. आपल्याकडं तर बाहेर जायचीही पद्धत नाही. उलट ठरावाला सूचक तेच असतात.

माजी_सरपंच_बाई

वाचत होते सगळं. मी मिरज तालुक्यातली, एक टर्म सरपंच होते, महिला राखीव जागेवर. धागाकर्त्यानं आईच्या सहीबद्दल लिहिलंय म्हणून लिहिते.

ग्रामपंचायतीचे पैसे आता डिजिटल सहीनं जातात. ती सही ज्यात असते तो सरपंचांचा एक डोंगल, ग्रामसेवकाचा एक. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण आमच्या तोंडात ग्रामसेवकच.) माझा डोंगल पहिली दोन वर्षं मी बघितलाच नव्हता. तो आमच्या ह्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा, नाहीतर ग्रामसेवकाच्या ड्रॉवरमध्ये. काम कुणाला दिलं हे मला गावातल्या बायका सांगायच्या, हळदी-कुंकवात. दीर ठेकेदारी करायचे, दुसऱ्याच्या लायसन्सवर.

तुमच्या सरपंचबाईंनी दाखला दिला म्हणता. दिला असेल. पण त्यांनी तो वाचला होता का, हे विचारलंत का?

तिसऱ्या वर्षी अंगणवाडीच्या खोलीचं काम होतं. स्लॅब गळला, पहिल्याच पावसात. पोरं आमच्याच वाड्यातली, त्यातली एक माझी नात. ग्रामसेवक शेवटच्या बिलाला आला तेव्हा मी डोंगल मागून घेतला आणि डब्यात टाकला, डाळीच्या. नऊ दिवस दिला नाही. घरात नऊ दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. दीर जेवायला यायचे नाहीत, जाऊबाई ताट झाकून न्यायच्या. दहाव्या दिवशी दिरांनी माणसं लावून स्लॅबवर वॉटरप्रूफिंग केलं, मग मी डोंगल दिला.

परक्या ठेकेदाराला अडवलं असतं तर गावानं वाहवा केली असती. घरच्याला अडवलं तर मी घर फोडणारी झाले. म्हणून म्हणते, बाईला असल्या जागी बसवूच नका जिथं तिला पोराच्या बिलावर सही करावी लागेल. काम दुसऱ्याला द्या. मग ती सरपंच तरी राहील, नाहीतर ती आईच राहते.

मोजमाप_वही

ताई, तुमचे नऊ दिवस आणि माझे तीन सेंटिमीटर. मी काही बोलत नाही.

कृष्णाकाठ

डाळीचा डबा! दंडवत घ्या.

खडी_डांबर

ताईंचं पटलं. बाकीच्यांचं नाही. पण एक गोष्ट मीच सांगतो, नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल लपवली. निधी कमी आला की सगळ्यांची बिलं निघत नाहीत. दहा ठेकेदारांची बिलं टेबलावर, पैसा तिघांपुरता. ते तिघं कोण, हे कुठल्याही निविदेत लिहिलेलं नसतं. माझं नाव तिघांत असायचं. मावशीचे यजमान गेल्या खेपेला पडले, आता माझं बिल चौदा महिने थांबलंय. रोलर तोच, डांबर तेच.

विश्रामबागकर

हे लिहायला धाडस लागतं. मानलं.

अनिवासी_कराडकर

बैलजोडी, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या पंचायतीचे वित्त आयोगाचे पैसे कुठल्या तारखेला कुणाच्या नावावर गेले ते दिसेल. तिथून सुरुवात करा. मी इथं बसून आमच्या गावचं बघतो. वेळ जातो आणि रक्तदाब वाढतो.

काळाकोट

सोबत माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, कलम ६ चा अर्ज, तीस दिवस. मागायचं काय ते नेमकं लिहा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, क्यूब चाचणीचा म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा अहवाल, समाधानकारक कामाचा दाखला, आणि रोकड वही म्हणजे नमुना ५ ची त्या महिन्याची पानं. "सर्व माहिती द्या" लिहिलंत तर काहीच मिळणार नाही.

सरकारनं २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातून माहिती अधिकाराच्या वैयक्तिक माहितीच्या पोटकलमात बदल केलाय, त्याचा आधार घेऊन "ठेकेदाराची माहिती वैयक्तिक आहे" असं उत्तर येऊ शकतं. घाबरू नका. कलम ८(२) जागेवर आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. सरकारी पैशाचं बिल ही कुणाची खासगी गोष्ट नव्हे. नाकारलं तर तीस दिवसांत पहिलं अपील.

आणि कलम २(ञ) वाचा. माहितीच्या अधिकारात कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं. म्हणजे तुम्ही रस्त्याचा तुकडा मागू शकता.

माणदेशी_मेंढका

चुलतीच्या सुपलीतला चालंल का?

काळाकोट

प्रमाणित हवा, मेंढके. सुपली प्रमाणित नाही.

बैलजोडी

सगळ्यांचे आभार. थोडी खबर.

पोर्टलवर पैसे गेल्याची नोंद मिळाली. दोन हप्ते, दोन्ही सोसायटीच्या नावावर. अर्ज केला, अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं: अभिलेख पाहणीसाठी येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता पंचायत समितीत उपस्थित राहावे.

पत्राच्या आदल्या दिवशी सरपंचबाई आमच्या घरी आल्या होत्या. मी नव्हतो, चुलती होती. भांडण नाही काही. दारात बसल्या, पाणी घेतलं, रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही रोज झाडता का?" चुलती म्हणाली, रोज. त्या म्हणाल्या, "आमच्या दारातबी असंच हाय." एवढंच बोलून गेल्या. ह्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळेना. माजी सरपंच ताईंचं वाचलं नसतं तर मी ह्याला दम म्हटलं असतं.

मोजमाप साहेब, सोमवारी मी, गावातला एक मित्र आणि शक्य झालं तर चुलती असे जाणार. पुस्तिका बघून झाली की गावी येऊन रस्ता मोजणार. टेप घेतलाय.

मोजमाप_वही

टेप लोखंडी घ्या, कापडी ताणला की आकडा बदलतो. पुस्तिकेत जाडीचा रकाना बघा आणि तारीख बघा. खोदाई, खडी, काँक्रीट तिन्हींची मोजमापं एकाच तारखेला लिहिलेली असतील तर समजा कुणी जागेवर गेलंच नव्हतं.

आणि जाडी कडेला मोजू नका. कडेला लोखंडी चॅनल लावून काँक्रीट ओततात, तिथं पंधरा बरोबर भरतं. माती वर चढते ती मधोमध. देवळासमोर वळणावर, जिथं ट्रॅक्टर वळतो तिथं, मधला तुकडा कापून द्या म्हणून लेखी मागा. मी कडेलाच मोजायचो.